गळ्यात अकॉर्डियन, अंगात वेड: 'वीअर्ड अल' यँकोविक

पेटीवाला_बंडू (धागाकर्ता)

जुन्या बाजारात एक अकॉर्डियन दिसलं म्हणून घेतलं. भजनी मंडळात पंचवीस वर्षं पेटी वाजवतोय, तेव्हा वाटलं, पेटीच गळ्यात अडकवायची, आणखी काय! पहिल्या दहा मिनिटांत माज उतरला. पेटीत डावा हात नुसता भाता मारतो. इथे डाव्या हाताने भाता ओढायचा, दाबायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी, मान वळवून दिसतही नाहीत अशी १२० बटणं चाचपायची. उजव्या हाताला पट्ट्या, त्याही उभ्या. वर दहा-अकरा किलोचं धूड खांद्याला लटकलेलं. बायको म्हणाली, "मूल कडेवर घेतल्यासारखं दिसताय, आणि मूल भोकाड पसरतंय."

तर शिकवण्या शोधता शोधता यूट्यूबवर एका कुरळ्या केसांच्या, फुलाफुलांच्या शर्टातल्या माणसापाशी पोचलो आणि तीन आठवडे तिथेच मुक्काम आहे. अल्फ्रेड यँकोविक, ऊर्फ 'वीअर्ड (म्हणजे विचित्र) अल', गाजलेल्या गाण्यांची विडंबनं करणारा अमेरिकन गायक. काहींना माहीत असेलच. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

जन्म १९५९, कॅलिफोर्निया. लिनवुड नावाच्या साध्या वस्तीत वाढला. सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पहिली शिकवणी. झालं असं की दारोदार फिरणारा एक विक्रेता आला: गिटार शिकवतो नाहीतर अकॉर्डियन, बोला काय हवं. आईबापांनी अकॉर्डियन निवडलं. त्या काळी फ्रँकी यँकोविक नावाचा पोल्काचा, म्हणजे उडत्या ठेक्याच्या नाचगाण्याचा, बादशहा अमेरिकेत गाजत होता. नातं काही नाही, नुसती आडनावबंधू मंडळी. पण आडनाव यँकोविक आहे तर पोराने अकॉर्डियनच वाजवावं, एवढाच हिशेब.

आता काळ बघा. १९६६ साल. घराघरातली पोरं गिटारसाठी हट्ट धरून बसलेली. पन्नासच्या दशकात अमेरिकेत अकॉर्डियनच्या शिकवण्या जोरात चालायच्या, पण रॉक आलं आणि ते वाद्य एकदम आजोबांचं झालं. तेव्हा हा पोरगा ते गळ्यात घालून एल्टन जॉनची तबकडी लावायचा आणि तिच्याबरोबर वाजवत बसायचा. रॉक तो असा शिकला.

शाळेत हुशार. वर्ग ओलांडत गेला आणि सोळाव्या वर्षी शाळेतून पहिला येऊन बाहेर पडला. मग सॅन लुइस ओबिस्पोला आर्किटेक्चर. कॉलेजच्या रेडिओ केंद्रावर रात्रीचा कार्यक्रम करायचा, 'वीअर्ड अल' हे नाव तिथलं. त्या केंद्राच्या समोरच्या स्वच्छतागृहात त्याने १९७९ मध्ये पहिलं गाजलेलं गाणं मुद्रित केलं. फरशांमुळे आवाज घुमतो म्हणून! द नॅक या बँडच्या 'माय शरोना'चं 'माय बोलोना', म्हणजे चक्क सॉसेजवरचं प्रेमगीत. गंमत अशी की नॅकच्या गायकालाच ते आवडलं आणि त्याच्याच शब्दाखातर त्यांच्या कंपनीने ते बाजारात आणलं. पोराला ५०० डॉलर मिळाले.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. माझा प्रश्न एवढाच: या माणसाला वादक म्हणायचं की नकलाकार?

---

तिरकस

नकलाकार. विषय संपला.

आयत्या चालीवर शब्द बसवणारे आपल्याकडे गणपतीत गल्लोगल्ली सापडतात. चालीचा कष्ट दुसऱ्याचा, लोकप्रियता दुसऱ्याची, यांनी नुसता चहा ओतायचा. बाकी तुमच्या अकॉर्डियनला शुभेच्छा. शेजाऱ्यांनाही.

---

गुळपोळी

अगं बाई, हा! केबल नवीन आली तेव्हा दुपारी शाळेतून आल्यावर इंग्रजी गाण्यांच्या वाहिनीवर याचं 'अमिश पॅरडाइज' लागायचं. लांब दाढीवाले, काळी टोपी, घोडागाडी, लोणी घुसळणं. मला वाटायचं हेच मूळ गाणं! पुढे कॉलेजात कुणीतरी कूलिओ या रॅपरचं 'गँगस्टाज पॅरडाइज' लावलं आणि मी भर मेसमध्ये म्हणाले, "याने ते लोणीवाल्याचं गाणं ढापलंय." आजही मैत्रिणी त्यावरून पिडतात.

अमिश म्हणजे पेनसिल्व्हेनिया वगैरे भागातले, वीज-मोटारी न वापरणारे लोक, हेही मला याच गाण्याने शिकवलं. भूगोलाच्या पुस्तकाने नाही.

---

फ्रीमाँटची_मावशी

मी याला प्रत्यक्ष पाहिलंय, २०२२ मध्ये. लेकाने तिकिटं काढली. ते वेषांतरांचे, पडद्यावर चित्रफिती दाखवायचे दौरे असतात ना, तसा हा नव्हता. नावच 'स्वतःचे लाड पुरवणारा आचरट दौरा' अशा अर्थाचं काहीतरी लांबलचक होतं. पाच माणसं, स्टुलं, वाद्यं. गाजलेली विडंबनं जवळजवळ नाहीतच, त्याची स्वतःच्या चालीची गाणी. आधी एमो फिलिप्स नावाच्या विनोदी माणसाने अर्धा तास हसवलं.

मला गाणी ओळखू येईनात, म्हणून मी माणसंच बघत बसले. शेवटाकडे 'अल्बुकर्की' नावाचं एक गाणं घेतलं. मूळ ध्वनिमुद्रणातच अकरा मिनिटांवर आहे, इथे तर संपेचना. डोनटच्या दुकानात काय काय नाही याची यादी चालली होती. अगदी आपल्या कीर्तनकाराने आख्यान रंगवावं तसं. लोक प्रत्येक ओळ पाठ म्हणत होते. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची नात, दोघंही.

आणि अकॉर्डियनचं सांगायचं तर, तो ते काढून खाली ठेवतो तेव्हा खांदा हलकेच एकदा फिरवून घेतो. इतक्या वर्षांचा खांदा आहे तो. तिरकस, नुसता चहा ओतणाऱ्याचा खांदा असा दुखत नाही हो.

---

पेटीवाला_बंडू

मावशी, खांद्याचं वाचून माझा खांदा दुखला.

तिरकसराव, पुढचं ऐका. १४ सप्टेंबर १९८०. डॉ. डिमेंटो नावाचा एक रेडिओवाला होता, आचरट गाणी लावणारा. याची घरगुती टेप त्याने १९७६ मध्येच वाजवली होती, आपल्या घरच्या बेल्व्हेडिअर गाडीवर केलेलं गाणं. तर १९८० च्या त्या रात्री याने थेट प्रसारणात क्वीन या बँडच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चं 'अनदर वन राइड्स द बस' म्हटलं. गर्दीच्या बसवर. साथीला कोण? त्याच संध्याकाळी स्टुडिओत ओळख झालेला जॉन श्वार्ट्झ, तालवाद्य म्हणून अकॉर्डियनच्या रिकाम्या पेटीवर थापा मारणारा. तो श्वार्ट्झ आजही त्याचा ड्रमर आहे. बासवाला स्टीव्ह जे आणि गिटारवाला जिम वेस्ट १९८२ पासूनचे. चाळीस वर्षांवर एकच संच! आपल्या भजनी मंडळात दर चातुर्मासात तबलजी बदलतो.

---

आडगावचा_शहाणा

अवांतर: क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे सगळ्यांना माहीत असतंच, तरी सांगायची संधी कोण सोडतो. याच अलने १९९३ मध्ये क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अख्खं, एक शब्द न बदलता, पोल्काच्या ठेक्यात म्हटलंय. आता पोल्का हा मूळ बोहेमियातलाच, म्हणजे आजच्या चेक देशातला, नाच. म्हणजे नावाने बोहेमियन असलेलं गाणं याने खरोखरच्या बोहेमियात नेऊन सोडलं. या एका कल्पनेसाठी मी त्याला सात खून माफ करतो.

---

तिरकस

कल्पना बरी आहे. पण मग मायकल जॅक्सनचं 'बीट इट' घेऊन 'ईट इट' करणं म्हणजे काय? मारामारीच्या जागी जेवण. इयत्ता चौथीचा विनोद. त्याची निम्मी गाणी खाण्यावर आहेत. नुसत्या खाण्याच्या गाण्यांची त्याने वेगळी तबकडीसुद्धा काढली होती म्हणे.

---

पेटीवाला_बंडू

काढली होती, १९९३ मध्ये. तो आरोप मान्य. निर्वाणा या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन, त्यालाही हाच संशय आला होता. निर्वाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'साठी याने परवानगी मागितली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "खाण्यावर आहे का?" हा म्हणाला, "नाही, तुम्ही काय गाता ते कुणाला कळत नाही, त्याच्यावर आहे." कोबेन खूश. त्या गाण्यात अल तोंडात काहीतरी कोंबून गातो, मधे गुळण्या करतो, आणि चित्रीकरणाला मूळ चित्रफितीतला झाडूवाला नटही तोच आणलाय.

'ईट इट'बद्दल मात्र तुम्ही फक्त शब्द वाचताय. ते गाणं कानात यंत्र घालून मूळ गाण्याबरोबर ऐका. ढोलाचा प्रत्येक ठोका, घुमारा, मागच्या आवाजांची जागा, सगळं जागच्या जागी. संगणकावर चाली कापून चिकटवायचे दिवस नव्हते ते, चार माणसांनी बसून पुन्हा वाजवलंय. गिटारचा तो सुप्रसिद्ध तुकडाही रिक डेरिंजरने नव्याने वाजवलाय, आणि शेवटी चक्क स्फोट होतो. १९८४ मध्ये अमेरिकेत १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं, ऑस्ट्रेलियात पहिलं आलं. ग्रॅमी हा संगीताचा पुरस्कारही मिळाला. चौथीचा विनोद असेल, पण रियाज चौथीचा नाही.

---

कलम_आणि_पोटकलम

परवानगीचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्या धंद्याचं बोलतो.

अमेरिकेत १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका रॅप गटाच्या खटल्यात ठरवलं की पैसे कमावण्यासाठी केलेलं विडंबनही 'न्याय्य वापर' ठरू शकतं. यावरून लोक म्हणतात की अलला परवानगीची गरजच नाही, तो उगाच सभ्यपणा करतो. हे अर्धंच खरं. न्यायालयाचा मुद्दा असा की विडंबनाने मूळ कृतीवरच काहीतरी भाष्य करावं. निर्वाणाचं गाणं त्यात बसतं. पण 'अमिश पॅरडाइज' कूलिओच्या गाण्याबद्दल काय बोलतं? काहीच नाही. चाल उचलून तिसऱ्याच लोकांवर विनोद. तिथे खटला झाला असता तर जड गेलं असतं. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५२ मध्येही 'टीका वा परीक्षण' असे शब्द आहेत, विडंबन असा शब्द नाही.

म्हणून परवानगीत सभ्यपणा आहे आणि शहाणपणही. मूळ गीतकाराचं नाव राहतं, त्याला मानधनात वाटा मिळतो. जॅक्सनला 'ईट इट'चे पैसे मिळाले. चाळीस वर्षं धंदा करायचा तर ज्यांची गाणी घ्यायची त्यांच्याशी भांडून कसं चालेल?

---

गुळपोळी

पण कूलिओ तर चिडला होता ना?

---

कलम_आणि_पोटकलम

हो. कंपनीकडून 'चालेल' असा निरोप आला होता, गाणं बाहेर पडल्यावर कूलिओ म्हणाला, मी कधी हो म्हटलं? तेव्हापासून अल शक्यतो कलाकाराच्या तोंडूनच होकार घेतो. पुढे दोघांचं मिटलं, आणि आपण तेव्हा मूर्खपणा केला असं कूलिओनेच नंतर सांगितलं. २०१४ मध्ये एका गायिकेचा होकार वेळेत मिळेना म्हणून हा डेन्व्हरला तिच्या कार्यक्रमाच्या जागीच जाऊन उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, घरात ग्रॅमी असलेला माणूस, हातात शब्दांचा कागद घेऊन!

उलटही झालंय. लेडी गागाच्या व्यवस्थापकाने तिला न विचारताच नकार कळवला. याने गाणं फुकट जालावर टाकलं, बोभाटा झाला, आणि बाईंनी ऐकून तत्काळ हो म्हटलं.

---

बोरकूट

आणि नकार देणारे? प्रिन्स नावाच्या गायकाने कधीच होकार दिला नाही, वर्षानुवर्षं. पॉल मॅकार्टनीने एकदा नाही म्हटलं कारण गाणं कोंबडी घातलेल्या 'पाय' (pie) नावाच्या पदार्थावर होतं आणि ते शाकाहारी. अल स्वतःही शाकाहारी, त्याला ते पटलं. जॅक्सनने दोन गाण्यांना हो म्हटलं, 'बॅड'वरच्या 'फॅट'च्या वेळी तर भुयारी रेल्वेचा सेटही वापरू दिला, पण 'ब्लॅक ऑर व्हाइट'ला नाही म्हटलं, त्या गाण्यातला निरोप त्याला महत्त्वाचा होता. नाही म्हटलं की हा गप्प बसतो. हल्ली असा गप्प बसणारा माणूस दाखवा.

माझं लाडकं मात्र विडंबनच नाहीये, 'बॉब' नावाचं गाणं. बॉब डिलनच्या नाकातल्या आवाजात आणि पाट्या टाकत जाणाऱ्या त्या कृष्णधवल चित्रफितीच्या थाटात. ऐकताना वाटतं डिलनसारखंच काहीतरी गूढ चाललंय. मग कळतं की प्रत्येक ओळ उलटी वाचली तरी तीच! म्हणजे आपलं 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती' असं ओळीमागून ओळ, सुरात, माउथ ऑर्गनसकट. आणि 'बॉब' हे नावही उलटं वाचून पाहा. मी 'ती होडी' त्या चालीवर म्हणून पाहिलं. घरच्यांनी दार लावून घेतलं.

---

तिरकस

बरं. 'बॉब' ऐकलं. दोनदा.

हे आवडलं कारण इथे चाल उसनी नाही, ढब उसनी आहे. दुसऱ्याची ढब उचलून नवं गाणं रचणं हे खरं अवघड काम, अत्र्यांनी झेंडूच्या फुलांत रविकिरण मंडळाची भंबेरी उडवली ती याच जातीची. मग त्याने हेच का नाही केलं जन्मभर? ईट इट, फॅट, लाइक अ सर्जन हे कशाला?

---

फ्रीमाँटची_मावशी

पोट आहे ना हो त्याला. ढबीची गाणी त्याच्या प्रत्येक तबकडीवर निम्मी असतात, पण लोकांना दारात आणतं ते ओळखीच्या चालीचं गाणं. 'लाइक अ व्हर्जिन'वरच्या 'लाइक अ सर्जन'ची कल्पना तर मूळ गायिका मॅडोनानेच बोलता बोलता मैत्रिणीला सुचवली होती, ती याच्यापर्यंत पोचली.

दोन वेळा धंदा बसलाही होता. १९८६ ची तबकडी आपटली. मग १९८९ मध्ये स्वतःचा सिनेमा काढला, यूएचएफ, आणि तो नेमका बॅटमॅन आणि इंडियाना जोन्सच्या उन्हाळ्यात लागला. कोण बघणार? आता त्याच सिनेमाचे भक्त आहेत, ते वेगळं. निर्वाणाच्या गाण्याने त्याला परत उभं केलं.

आणि एक गोष्ट, जी मला सांगायला जड जातं. २००४ च्या एप्रिलमध्ये त्याचे आईवडील दोघंही घरात शेकोटीच्या धुराने गेले, कार्बन मोनॉक्साइडने. हा दौऱ्यावर विस्कॉन्सिनला होता. त्या रात्रीचा कार्यक्रम त्याने केला. दारावर आलेल्या त्या विक्रेत्याला हो म्हणणारी ती दोघं. लेकाने हे सांगितलं तेव्हा आम्ही गाडीत बराच वेळ काही बोललो नाही.

---

आडगावचा_शहाणा

_/\_

---

पेटीवाला_बंडू

हे मला माहीत नव्हतं, मावशी.

तिरकसरावांच्या प्रश्नावर: माझ्या मते त्याचं खरं काम पोल्काच्या मालिकांत आहे. १९८४ पासून जवळजवळ प्रत्येक तबकडीवर एक असते. त्या त्या वर्षांतली गाजलेली दहा-बारा गाणी, मूळ शब्द तसेच, फक्त ठेका पोल्काचा, अकॉर्डियन पुढे. विरहाचं असो, रागाचं असो, रक्तबंबाळ रॅप असो, सगळी मंडळी एका जत्रेच्या पाळण्यात. शब्द एकही बदललेला नाही आणि तरी हसून मुरकुंडी. कारण गाण्याचा रुबाब शब्दात कमी आणि ठेक्यात, आवाजाच्या पोतात जास्त होता, हे तो काढून दाखवतो. हे टीकाकाराचं काम झालं, नकलाकाराचं नाही.

परवा मीही करून पाहिलं. एक गंभीर भावगीत घेतलं (नाव सांगत नाही, मार पडेल) आणि डाव्या हाताने धबडक-धबडक पोल्का धरला. डाव्या बटणांची रचनाच त्यासाठी आहे: एका बटणात खर्ज, शेजारच्या बटणात अख्खा स्वरमेळ. खर्ज-मेळ, खर्ज-मेळ. चौथ्या ओळीला बायको स्वयंपाकघरातून नाचत बाहेर आली. मूळ गाण्याला ती दरवेळी डोळे पुसते.

---

गुळपोळी

नाव सांगाच!

बाय द वे, याचं 'वर्ड क्राइम्स' इथल्या शुद्धलेखनाच्या प्रत्येक धाग्यावर कायमचं चिकटवून ठेवावं. २०१४ चं आहे, इंग्रजी व्याकरणाच्या चुका करणाऱ्यांना झोडपणारं. ऱ्हस्व-दीर्घावर हातघाईला येणाऱ्या आपल्या मंडळींना राष्ट्रगीत मिळेल.

---

बोरकूट

ते ज्या तबकडीत आहे तिच्यासाठी त्याने आठ दिवसांत आठ चित्रफिती सोडल्या, रोज एक. ती अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर उतरली. विनोदी तबकडी पहिली येण्याची त्याआधीची वेळ १९६३ ची, अॅलन शर्मनची. आणि हे कधी? कंपनीशी करारातली शेवटची तबकडी! चोपन्नाव्या वर्षी पहिला नंबर लावला आणि तबकड्या काढणंच थांबवलं. ज्यांची गाणी उचलली त्यातल्या किती जणांची नावं आज आठवतात? हा मात्र २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मुख्य कलाकार म्हणून उभा होता.

---

तिरकस

डॅनियल रॅडक्लिफ असलेला तो २०२२ चा चरित्रपट काल पाहिला. म्हटलं नीट माहिती मिळेल. त्यात हा दारुडा, मॅडोनाचा प्रियकर, आणि जॅक्सननेच याचं 'ईट इट' चोरून 'बीट इट' केलेलं! अर्ध्या तासाने लक्षात आलं की हे चरित्रपटांचंच विडंबन आहे. याने स्वतःचं आयुष्यही आयत्या चालीवर बसवलं.

वादक म्हणा. लिहून घ्या, तारीख टाका.

@बंडू, तुमच्या त्या बटणांबद्दल एक. माझ्या मामाकडे होतं अकॉर्डियन. डावीकडे मधोमध 'सी' या स्वराच्या बटणाला खळगा असतो, नाहीतर खडा बसवलेला असतो. बोटाला लागतो. तिथून वरखाली मोजायचं, बघायचं नाही.

---

पेटीवाला_बंडू

सापडला! खळगाच आहे. तीन आठवडे मी त्याला पोचा समजत होतो आणि दुकानदाराला शिव्या घालत होतो.